मुंबईत नेत्ररोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : जागा निवडण्यापासून बंधपत्राच्या सेवेपर्यंत

एमबीबीएसची इंटर्नशिप संपत आली की नेत्ररोगशास्त्राकडे वळू पाहणारे विद्यार्थी वरिष्ठांना बहुधा एकच प्रश्न विचारतात : 'अमुक रुग्णालयात कटिंग किती मिळते?' कटिंग म्हणजे स्वतःच्या हाताने करायला मिळणाऱ्या शस्त्रक्रिया. प्रश्न रास्त आहे, कारण एमएसची पदवी हातात पडूनही ज्याला मोतीबिंदू स्वतंत्रपणे काढता येत नाही, त्याला पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली शिकायला उभे राहावे लागते. मात्र हा प्रश्न अर्धाच आहे. पहिल्या वर्षी ज्याने स्लिट लॅम्पवर (डोळा तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकावर) पाहण्याची शिस्त लावून घेतलेली नसते आणि रेटिनोस्कोपी (चष्म्याचा नंबर हाताने काढणे) टाळलेली असते, त्याला तिसऱ्या वर्षी मिळालेल्या शस्त्रक्रियांचा पुरेसा उपयोग करून घेता येत नाही. कोणता डोळा आपण उघडावा आणि कोणता वरिष्ठांकडे सोपवावा, हेच त्याला ठरवता येत नाही. म्हणून या मार्गदर्शनात तपासणीला शस्त्रक्रियेपेक्षा अधिक जागा दिली आहे.

परीक्षा, कागदपत्रे आणि प्रवेशफेऱ्या

प्रवेशाचा दरवाजा एकच आहे : नीट-पीजी. ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ, म्हणजे एनबीईएमएस, घेते. २०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, असे तिचे स्वरूप आहे. प्रश्नपत्रिका आता वेळेच्या बंधनासह विभागांत वाटलेली असते आणि एका विभागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही. त्यामुळे 'खूण करून ठेवू, शेवटी पाहू' ही जुनी सवय सराव परीक्षांपासूनच मोडावी. नेत्ररोगशास्त्र हा विषय आवडतो म्हणून त्याचाच अभ्यास अधिक करणे या परीक्षेत परवडत नाही, कारण त्यावरचे प्रश्न मोजकेच असतात आणि क्रमांक ठरतो तो मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग आणि पॅरा-क्लिनिकल विषयांवर.

निकालानंतर दोन स्वतंत्र प्रक्रिया चालतात. शासकीय आणि महानगरपालिका महाविद्यालयांतील ५० टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, भरते. अभिमत विद्यापीठांच्या आणि डीएनबीच्या (एनबीईएमएसच्या पदव्युत्तर पदवीच्या) जागांसाठीही तिच्याकडेच नोंदणी करावी लागते. उरलेल्या ५० टक्के जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो. दोन्हीकडे नोंदणी करावी. एकीकडे नाव लागले म्हणून दुसरीकडचे वेळापत्रक पाहणे सोडू नये. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरील अधिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले आणि संस्थात्मक प्राधान्य (त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य) मात्र वाजवी मर्यादेत मान्य केले. त्यामुळे राज्य कोट्याच्या पात्रतेबाबत मागच्या तुकडीतील मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. फेरीतून बाहेर पडण्याचे आणि अनामत रक्कम जप्त होण्याचे नियमही तिच्यातच असतात.

कागदपत्रांपैकी जात वैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो. ज्यांना आरक्षित प्रवर्गातून अर्ज करायचा आहे त्यांनी ते इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच हातात आहे की नाही ते पाहावे. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून जुने प्रमाणपत्र आहे एवढ्यावर स्वस्थ बसू नये. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी या दोन गोष्टी महाविद्यालयाच्या कार्यालयात पाठपुरावा केल्याशिवाय वेळेत मिळत नाहीत, हा सर्वांचाच अनुभव आहे.

कोणती जागा घ्यावी

मुंबईत शासनाचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जे. जे. रुग्णालय भायखळ्याला आहे. महानगरपालिकेची चार महाविद्यालये म्हणजे परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक आणि जुहूचे कूपर. याशिवाय खासगी महाविद्यालये, नवी मुंबईतील अभिमत विद्यापीठे आणि डीएनबीची मान्यता असलेली नेत्ररुग्णालये आहेत. एमएस आणि डीएनबी हे दोन्ही अभ्यासक्रम तीन वर्षांचे आहेत आणि दोन्ही पदव्या व्यवसायासाठी मान्य आहेत. एनबीईएमएसची पदविका दोन वर्षांची असते आणि पदविकाधारकांना पुढे दोन वर्षांत डीएनबी करता येते. क्रमांक थोडा मागे राहिला असेल तर हा रस्ता कमी दर्जाचा समजू नये. चांगल्या रुग्णालयातील पदविका ही रुग्ण नसलेल्या महाविद्यालयातील एमएसपेक्षा अधिक शिकवून जाते.

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील जागेचे खरे मोल तिथे येणाऱ्या रुग्णांच्या वैविध्यात आहे. पालघर, रायगड आणि कोकणातून येणारा पिकलेला मोतीबिंदू, शेतात काडी लागून झालेला बुबुळावरचा (कॉर्नियावरचा) बुरशीजन्य अल्सर, नवजात शिशू विभागातील अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे पडदे (रेटिना), न्यूरोसर्जरीहून आलेला डिस्क एडिमा (दृष्टिचेतेच्या टोकाची सूज), मधुमेहींची रांग आणि रात्री कॅज्युअल्टीत येणारे अपघात हे सगळे एका छताखाली पाहायला मिळते. केवळ नेत्ररोगांसाठी असलेल्या रुग्णालयात यंत्रे उत्तम आणि फेकोचे (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याचे) शिक्षण शिस्तबद्ध असते, पण इतर विभागांकडून येणारे रेफरन्स तुलनेने कमी असतात. मला विचाराल तर पहिली पसंती मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयाला द्यावी. यंत्रांची उणीव पुढे फेलोशिपमध्ये भरून निघते, रुग्णवैविध्याची उणीव सहसा भरून निघत नाही.

विभागाचे जुने नाव ऐकून मात्र निर्णय घेऊ नये. डॉ. तात्याराव लहाने यांच्या कारकिर्दीत जे. जे.च्या नेत्रविभागाचे नाव राज्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचले, पण शासकीय सेवेत बदल्या आणि निवृत्त्या होतात, पालिकेतही प्राध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जातात आणि त्याबरोबर युनिटचे शिक्षणही बदलते. पसंतीक्रम भरण्यापूर्वी एक दिवस काढून त्या विभागाच्या ओपीडीत जावे आणि सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटशी (निवासी डॉक्टरशी) बोलावे. तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट परीक्षेच्या चिंतेत असतो आणि पहिल्या वर्षाचा थकलेला असतो. दुसऱ्या वर्षाचा नेमके सांगू शकतो. त्याला विचारावे की शस्त्रक्रियेचे टप्पे कोण शिकवते, शिकवणारे शिक्षक टेबलाशी बसतात की बाहेरून फक्त सही करतात, रिफ्रॅक्शन (चष्म्याचा नंबर काढणे) रेसिडेंट करतात की सगळे ऑप्टोमेट्रिस्टवर सोपवलेले आहे, आणि दुसरे वर्ष संपेपर्यंत रेसिडेंटला स्वतःचे पूर्ण मोतीबिंदू मिळतात का. वसतिगृहात खोली मिळते की नाही हेही विचारून घ्यावे, कारण रात्रपाळीनंतर कल्याण किंवा विरारची गाडी पकडणे फार दिवस निभत नाही.

पहिले वर्ष : पाहायला शिकणे

ओपीडीत बसल्यावर पहिल्या आठवड्यात स्लिट लॅम्प हाताळण्यापेक्षा रुग्णाला त्याच्यासमोर बसवणे अवघड जाते. 'आजी, हनुवटी इथे ठेवा, कपाळ वरच्या पट्टीला टेकवा, आता माझ्या कानाकडे बघा' एवढे स्पष्ट आणि सावकाश सांगितले तर निम्मे काम होते. हनुवटीची उंची जुळवल्याशिवाय तपासणी सुरू करू नये. मान वाकवून बसलेली म्हातारी व्यक्ती मिनिटभरात मागे सरकते आणि मग रेसिडेंट तिलाच रागावतो. जे रेसिडेंट अन्य राज्यांतून आलेले आहेत त्यांनी ही दहा-बारा वाक्ये मराठीत पाठच करावीत. कोणता आजार कोणत्या शब्दांत सांगितला जातो हेही कानावर पडू द्यावे : 'समोर धूर दिसतो', 'दिव्याभोवती कडे दिसते', 'काळे ठिपके तरंगतात', 'पडदा ओढल्यासारखे झाले' या चार वाक्यांत चार वेगळ्या दिशांचे निदान दडलेले आहे आणि शेवटचे वाक्य ऐकल्यावर रुग्णाला उद्या या म्हणून सांगता येत नाही.

स्लिट लॅम्पवर क्रम कधीही मोडू नये. पापण्या, पापणीच्या कडा, कंजंक्टायव्हा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा), बुबुळ, अँटीरियर चेंबरची (बुबुळामागच्या पोकळीची) खोली, त्यातील पेशी, आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग), बाहुलीची प्रतिक्रिया, लेन्स, मग मागचा भाग. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकण्यापूर्वी चेंबरची खोली आणि बाहुलीची प्रतिक्रिया नोंदवलेली असलीच पाहिजे, कारण थेंब टाकल्यानंतर सापेक्ष अ‍ॅफेरंट दोष (दृष्टिचेतेचा बिघाड दाखवणारा दोन बाहुल्यांच्या प्रतिक्रियेतील फरक) शोधता येत नाही आणि अरुंद कोन असलेल्या डोळ्यात थेंबामुळेच दाब चढू शकतो. गर्दीच्या ओपीडीत सिस्टर रांगेतल्या सगळ्यांना सरसकट थेंब टाकत असतील तर त्याआधी टॉर्चने पाहून घेण्याची जबाबदारी रेसिडेंटची आहे.

डोळ्याचा दाब गोल्डमन अ‍ॅप्लानेशन टोनोमीटरवरच मोजायला शिकावे. त्याच्या प्रिझमचा बुबुळावर टेकणारा गोल ३.०६ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि ड्रमवरचा आकडा दहाने गुणला की दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. दोन अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम टेकल्या की वाचन घ्यायचे. फ्लुओरेसीन (डोळ्यात टाकायचा रंग) जास्त झाले तर अर्धवर्तुळे जाड दिसतात आणि दाब खोटा वाढलेला येतो. रुग्णाने श्वास रोखला, कॉलर घट्ट असली किंवा पापणी धरताना बोट डोळ्यावर दाबले गेले तरी तेच होते. नॉन-कॉन्टॅक्ट यंत्राचा छापील आकडा प्राथमिक चाळणीसाठी ठीक आहे, पण काचबिंदूच्या रुग्णाचे औषध त्यावर बदलू नये. प्रत्येक रुग्णानंतर प्रिझम निर्जंतुक करावा, विशेषतः पावसाळ्यात डोळ्यांची साथ असताना.

सर्वात दुर्लक्षित राहते ती रेटिनोस्कोपी. बहुतेक विभागांत ऑटोरिफ्रॅक्टोमीटर (नंबर काढणारे यंत्र) असतो, ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी असतात आणि रेसिडेंट हळूच हे काम त्यांच्याकडे सरकवतात. पण लहान मूल यंत्रासमोर बसत नाही, बुबुळावर डाग असेल तर यंत्र आकडा देत नाही, आणि परीक्षेत परीक्षक हातात स्ट्रीक रेटिनोस्कोप देतो. हिशेब सोपा आहे. पाच वर्षांच्या मुलाला तीन दिवस अ‍ॅट्रोपिनचे मलम लावून आणले आहे, आपण ६६ सेंटिमीटरवर बसलो आहोत आणि एका मेरिडियनमध्ये (एका दिशेच्या रेषेत) +४.०० च्या भिंगाने प्रकाशाची हालचाल थांबून बाहुली एकदम उजळली. अंतरासाठी १.५० वजा, अ‍ॅट्रोपिनसाठी १.०० वजा, उरले +१.५०. मग स्ट्रीक ९० अंशांत फिरवून दुसरा मेरिडियन. हा हिशेब तोंडपाठ असूनही हात चुकतो तो अंतरात : पन्नास सेंटिमीटरवर सरकून वजाबाकी मात्र ६६ ची केली तर अर्ध्या डायॉप्टरचा फरक पडतो. सुरुवातीला सुतळीचा एक तुकडा मोजून कापावा आणि मूल व स्वतःच्या मध्ये धरावा. आईला हेही सांगायचे असते की मलमामुळे मुलाला जवळचे सुमारे दोन आठवडे धूसर दिसेल, चेहरा लाल होऊ शकतो आणि ताप आला तर मलम थांबवून लगेच आणायचे. पोस्ट-मिड्रिअ‍ॅटिक टेस्टला (मलमाचा परिणाम ओसरल्यावरच्या तपासणीला) मूल परत आले की स्वतः नोंदवलेला नंबर त्याला खरोखर सोसतो का ते तपासावे. शिकणे तिथे पूर्ण होते.

इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (पडदा पाहण्याचे उपकरण) पहिल्या महिन्यातच डोक्यावर चढवावा. २० डायॉप्टरच्या भिंगातून दिसणारी प्रतिमा वरची खाली आणि डावीची उजवीकडे असते, म्हणून रुग्णाला झोपवून रेखाचित्राचा कागद त्याच्या छातीवर उलटा ठेवावा आणि दिसते तसे काढत जावे. कागद सुलटा केला की चित्र आपोआप बरोबर येते. रोहिण्या लाल, शिरा निळ्या, सुटलेला पडदा निळा, जागेवरचा पडदा लाल, फाटलेली जागा निळ्या कडेत लाल, व्हिट्रिअसमधील (डोळ्यातल्या जेलीसारख्या पदार्थातील) धूसरपणा हिरवा, हे रंग सर्वत्र तेच आहेत. रोज एक चित्र काढून व्हिट्रिओ-रेटिना पाहणाऱ्या शिक्षकांकडून तपासून घेणारा रेसिडेंट सहा महिन्यांत परिघापर्यंत पाहू लागतो. त्यानंतर त्याला नवजात शिशू विभागात न्यायला हरकत नाही. भारतातील प्रचलित शिफारशींनुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत पाहायला हवा, आणि फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. ही तारीख बाळाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देणे हे नेत्रविभागाच्या रेसिडेंटचे काम आहे, कारण बाळ घरी गेले की आईवडिलांना ती लक्षात राहत नाही आणि वेळ निघून गेल्यावर लेझरचा उपयोग उरत नाही.

कॅज्युअल्टीतील एक प्रसंग मात्र जसाच्या तसा डोक्यात असू द्यावा. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलाने दाबली आणि चुना डोळ्यात गेला, अशा तक्रारीचे मूल आले की केसपेपर, दृष्टी, पूर्ववृत्त हे सगळे नंतर. आधी भूल देणारा थेंब, मग सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटची बाटली लावून सलग अर्धा तास धुणे. बाटली जवळ नसेल तर नळाचे पाणी. 'मावशी, मुलाला चादरीत घट्ट गुंडाळा आणि डोके धरा' असे सांगून आईला शेजारी उभे करावे. केवळ धुऊन भागत नाही. वरची पापणी दोनदा उलटी करून फोर्निक्समध्ये (पापणीखालच्या खोबणीत) चिकटलेले चुन्याचे कण कापसाच्या काडीने आणि फोर्सेप्सने वेचून काढावे लागतात, कारण ते तिथे राहिले तर अल्कली झिरपत राहते आणि बुबुळ पांढरे पडते. लिटमस कागदावर पीएच सामान्य झाल्याशिवाय, आणि थोडा वेळ थांबून पुन्हा तपासल्याशिवाय, धुणे थांबवू नये. चांगला रेसिडेंट आपल्या ड्यूटीच्या सुरुवातीला लिटमस कागद जागेवर आहे का ते पाहून ठेवतो.

नेत्रपेढीचे कॉलही पहिल्या वर्षाच्याच वाट्याला येतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढायचे असतात, म्हणून फोनवरच नातेवाइकांना पंखा बंद करायला, डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवायला आणि डोक्याखाली उशी द्यायला सांगावे. चाळीतल्या खोलीत दहा माणसे रडत असताना हे काम शांतपणे आणि आदराने करता येणे, संमतीपत्रावर साक्षीदारांच्या सह्या घेणे आणि निघताना पापण्या नीट मिटवून चेहरा पुसून ठेवणे, हेही शिक्षणाचाच भाग आहे.

शस्त्रक्रिया : शेवटच्या टप्प्याकडून पहिल्याकडे

शस्त्रक्रियेची तयारी वेट लॅबमध्ये सुरू होते. खाटकाकडून आणलेले बोकडाचे ताजे डोळे स्क्लेरल टनेल (डोळ्याच्या पांढऱ्या कवचातला बोगदा) आणि १०-० नायलॉनचे टाके शिकायला उत्तम असतात. कॅप्सुलोरेक्सिससाठी (लेन्सची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, समोरून गोल उघडण्यासाठी) मात्र त्यांच्यावर फार विसंबू नये, कारण त्यांची कॅप्सूल माणसाच्या मानाने जाड आणि ताणली जाणारी असते. मायक्रोस्कोपखाली बसण्याची सवय आधी करावी : खुर्ची, पेडल, दोन बाहुल्यांमधील अंतर, मनगटाचा आधार. या गोष्टी प्रत्यक्ष रुग्ण टेबलावर असताना जुळवू लागलात तर शिक्षकांचा धीर सुटतो आणि ते योग्यही आहे.

माणसाच्या डोळ्यावर शिकताना टप्प्यांचा क्रम उलटा धरावा. प्रथम शिक्षकांनी लेन्सचे केंद्रक काढून दिल्यावर सिम्को कॅन्युलाने (धुण्याच्या नळीने) कॉर्टेक्स (लेन्सचा मऊ बाहेरचा थर) धुणे आणि लेन्स बसवणे, मग केंद्रक बाहेर काढणे, त्यानंतर कॅप्सुलोरेक्सिस आणि सर्वात शेवटी टनेल. याचे कारण असे की सुरुवातीचा टप्पा बिघडला तर पुढचे सगळेच बिघडते, आणि नवशिक्याने बिघडवलेला टनेल घेऊन पुढे कोणालाच काही शिकता येत नाही. एसआयसीएसमध्ये (लहान जखमेतून हाताने मोतीबिंदू काढण्याच्या शस्त्रक्रियेत) लिंबसच्या (बुबुळाच्या कडेच्या) मागे सुमारे दीड ते दोन मिलिमीटरवर सहा-सात मिलिमीटरची जखम आणि स्क्लेराच्या निम्म्या जाडीचा टनेल अपेक्षित असतो. क्रेसेंट ब्लेड पुढे सरकताना त्याचे टोक स्क्लेरातून पुसटसे दिसत राहिले पाहिजे. ते फारच स्पष्ट दिसू लागले तर टनेल उथळ जाऊन भोक पडणार. दिसेनासे झाले तर खोल जाऊन चेंबर अवेळी उघडणार आणि आयरिस बाहेर येणार. दोन्ही वेळी त्याच जागी जोर न लावता दुसऱ्या टोकाकडून योग्य थर पुन्हा धरायचा असतो. पांढऱ्या मोतीबिंदूत ट्रायपॅन ब्लूने कॅप्सूल रंगवण्यात कमीपणा मानू नये.

पोस्टीरियर कॅप्सूल (लेन्सच्या पिशवीची मागची बाजू) फाटल्याचे ओळखणे हे ती न फाडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चेंबर अचानक खोल होतो, बाहुली क्षणभर मोठी होते, केंद्रक फिरेनासे होते किंवा एका बाजूला कलते. अशा वेळी हातातले उपकरण झटक्यात बाहेर काढू नये, कारण चेंबर कोसळतो आणि व्हिट्रिअस पुढे येतो. आधी दुसऱ्या हाताने व्हिस्कोइलॅस्टिक (चेंबर भरून ठेवणारी जेली) भरावे, मग उपकरण बाहेर घ्यावे आणि 'मॅडम, रेंट वाटतोय' (म्हणजे कॅप्सूल फाटल्यासारखी वाटते) असे तिथेच स्पष्ट म्हणून खुर्ची सोडावी. खुर्ची सोडल्याने पुढची केस मिळत नाही अशी भीती रेसिडेंटना वाटते. प्रत्यक्षात वेळेवर सांगणाऱ्यालाच शिक्षक पुढची केस विश्वासाने देतात.

ब्लॉक (डोळ्याभोवती भुलीचे इंजेक्शन) देण्यापूर्वी अ‍ॅक्सियल लेंग्थ (डोळ्याची लांबी) पाहण्याची सवय लावावी, कारण लांब मायोपिक डोळ्यात सुईने छिद्र पडण्याचा धोका अधिक असतो. बायोमेट्रीही (लेन्सच्या नंबरासाठीची मोजणी) स्वतः करावी. ए-स्कॅनचा प्रोब बुबुळावर थोडा दाबला गेला आणि लांबी एक मिलिमीटरने कमी आली, तर लेन्सच्या नंबरात अडीच डायॉप्टरच्या आसपास चूक होते आणि उत्तम शस्त्रक्रियेनंतरही रुग्ण जाड भिंगाचा चष्मा घेऊन घरी जातो. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना आपण केलेला डोळा आपणच तपासावा. वेदना, पापणीची सूज, चेंबरमध्ये पू आणि एकाएकी कमी झालेली दृष्टी दिसली तर एंडॉफ्थॅल्मायटिस (डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग) गृहीत धरून वरिष्ठांना त्याच मिनिटाला कळवावे. डोळ्यात द्यायच्या व्हँकोमायसिनची मात्रा ०.१ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिमची २.२५ मिलिग्रॅम असते, आणि हे आकडे रात्री पुस्तक न उघडता सांगता आले पाहिजेत.

विद्यापीठाची लॉगबुक भरावी लागतेच, पण तिच्याबरोबर स्वतःची एक वही ठेवावी. शस्त्रक्रियेपूर्वीची दृष्टी, कोणता टप्पा कोणी केला, काय बिघडले, पहिल्या दिवशी काय दिसले आणि चष्म्याच्या वेळी अंतिम दृष्टी किती आली, एवढेच लिहावे. शेवटचा रकाना बहुतेकांच्या वहीत कोरा राहतो, कारण रुग्ण दुसऱ्या ओपीडीत जातो. तो भरण्यासाठी रुग्णाला आपल्या ओपीडीचा वार कागदावर लिहून द्यावा. ओटीतील (शस्त्रक्रियागृहातील) सिस्टर आणि मामा (सेवक) यांच्याशी नीट वागावे. कोणत्या शिक्षकांना कोणते उपकरण कधी लागते हे त्यांना तुमच्या आधीपासून माहीत असते.

प्रबंध, जिल्ह्यातील तीन महिने आणि अंतिम परीक्षा

प्रबंधाचा विषय असा निवडावा की ज्याचे रुग्ण तुमच्याच ओपीडीत दर आठवड्याला येतात. दुर्मीळ आजारावरचा आकर्षक विषय घेऊन दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस रुग्णसंख्या भरत नाही म्हणून धावपळ करणारे रेसिडेंट दर तुकडीत असतात. नमुन्याचा आकार गाईडशी आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातील सांख्यिकी जाणणाऱ्यांशी बोलून, एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव जाण्याआधी ठरवावा. लेखी परीक्षेच्या किमान सहा महिने आधी प्रबंध सादर करावा लागतो, म्हणून माहिती गोळा करणे दीड वर्षात आटोपेल असे नियोजन करावे. याशिवाय संशोधनपद्धती व नीतिशास्त्राचे अभ्यासक्रम आणि परिषदेतील सादरीकरण किंवा शोधनिबंध ही अट असते. पोस्टरसाठी बॉम्बे ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्स असोसिएशन आणि महाराष्ट्र ऑफ्थॅल्मॉलॉजिकल सोसायटीच्या परिषदा जवळच्या असल्या तरी आपल्या तुकडीला कोणती परिषद ग्राह्य धरली जाते ते विभागात आधी विचारून घ्यावे.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमअंतर्गत तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढावे लागतात. अनेक जण याकडे रजा म्हणून पाहतात आणि पुस्तके बांधून नेतात. माझ्या मते हे तीन महिने वाया घालवू नयेत. तिथे ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारे यंत्र) नसतो, सगळ्या बाजूंनी वरिष्ठ नसतात, आणि शिबिरात कोणता मोतीबिंदू तिथेच करायचा व कोणता मुंबईला पाठवायचा हे तुम्हालाच ठरवावे लागते.

एमएसच्या अंतिम परीक्षेत तीन तासांच्या चार लेखी प्रश्नपत्रिका असतात आणि महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांसाठी ती नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. प्रात्यक्षिकात लाँग केससाठी बहुधा टोसिस (पापणी खाली येणे), प्रॉप्टोसिस (डोळा पुढे येणे), तिरळेपणा, बुबुळावरचा डाग, युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) किंवा काचबिंदूचा रुग्ण असतो. यातले एकही प्रकरण पुस्तकातून बांधता येत नाही. ओपीडीत असा रुग्ण आला की त्याच दिवशी संपूर्ण केस लिहून शिक्षकांसमोर मांडण्याची सवय दुसऱ्या वर्षापासून असावी. डीएनबीच्या विद्यार्थ्यांनी मधल्या फॉर्मेटिव्ह असेसमेंटला औपचारिकता समजू नये, आणि प्रात्यक्षिक अनोळखी रुग्णालयात होते हे ध्यानात ठेवून स्वतःचा रेटिनोस्कोप, २० आणि ९० डायॉप्टरची भिंगे आणि टॉर्च नेहमी जवळ बाळगावे.

निकालानंतर

निकाल लागला की प्रथम महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करावी. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणून परिषदांची प्रमाणपत्रे रेसिडेन्सीपासूनच एका फाइलमध्ये ठेवावीत. शासकीय आणि महानगरपालिका महाविद्यालयांतून शिकलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती शक्यतो एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात सीनियर रेसिडेंट म्हणून मिळेल असे पाहावे, कारण सहायक प्राध्यापक होण्यासाठी एक वर्षाचा सीनियर रेसिडेंटचा अनुभव उपयोगी पडतो आणि ज्यांना एसआयसीएसमधून फेकोकडे नीट वळता आलेले नाही त्यांना या वर्षात शिक्षकांच्या नजरेखाली ते करता येते.

फेलोशिपची घाई करू नये. मदुराईचे अरविंद, हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचे शंकर नेत्रालय या संस्थांचे अर्ज आणि मुलाखती वर्षातून ठरावीक वेळी होतात, आणि बंधपत्राची सेवा संपण्याची तारीख त्यांच्याशी जुळते का हे आधी पाहावे लागते. व्हिट्रिओ-रेटिना हवा आहे की कॉर्निया, हे ठरवताना पुढे काम कुठे करायचे त्याचा विचार करावा. मुंबईत पडद्याचे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. तिरळेपणा व बालनेत्ररोग किंवा ऑक्युलोप्लास्टी (पापण्या व डोळ्याभोवतीच्या भागाची शस्त्रक्रिया) शिकून रत्नागिरी, जळगाव किंवा नांदेडला बसणारा नेत्रतज्ज्ञ शोधावा लागतो. अर्जासोबत शस्त्रक्रियांची यादी मागतात. ती वर सांगितलेल्या वहीवरून, अंतिम दृष्टीच्या रकान्यासह, तयार करून विभागप्रमुखांची सही रेसिडेन्सी सोडण्यापूर्वीच घेऊन ठेवावी.